बाईसाहेबांच्या मालकीचा नर

त्रुटीकाकांनी शेळी आणली ती एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य काकूंनी भाजी निवडता निवडता सहज टाकलं होतं. "चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर लाल खुणा केल्यात. स्वतःच्या हातानं एखादी गोष्ट उभी केलीत, असं काही आठवतंय का?" काकूंना उत्तर नको होतं. त्यांना नुसतं खिडकीतल्या वाळलेल्या कुंड्यांकडे बोट दाखवायचं होतं. काका मात्र आठवडाभर गप्प राहिले आणि आठव्या दिवशी शेळीचं दावं हातात धरून दारात उभे राहिले.

त्रुटीकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दाखले देणाऱ्या कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि समोर आलेला अर्ज 'त्रुटी आढळल्या, सबब परत' असा शेरा मारून परत करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा दोन जुळे भाऊ दाखले मागायला आले, तर काकांनी दोघांचेही अर्ज परत केले. कारण काय, तर दोन्ही अर्जांवर जन्मतारीख एकच, आई एकच, वडील एकच, आणि एकाच माणसाला दोन अर्ज करायला नियमात मनाई. दोघं भाऊ टेबलासमोर खांद्याला खांदा लावून उभे होते. काका म्हणाले, "समोर कोण उभं आहे ते मी बघत नाही, कागदावर काय आहे ते बघतो." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की निरोप समारंभाच्या भाषणात त्यांनी ते दोनदा घेतलं.

तर शेळी. रंगानं तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि तोंडावर असा भाव, की समोरच्याचे कागद पूर्ण नाहीत हे तिला लांबूनच कळलंय. काकूंनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "या, बाईसाहेब." नाव तेच पडलं. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेखाली पत्र्याचं छप्पर उभं राहिलं, लसूणघासाच्या पेंढ्या आल्या, आणि पशुसंवर्धन खात्याची एक पुस्तिका आली. ती काकांनी समास सोडून अधोरेखित केली.

दुसऱ्याच दिवशी काका पातेलं घेऊन दूध काढायला बसले. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्यांनी कोमट पाण्यानं कास धुतली, हात पुसले, पाठ ताठ ठेवली. बाईसाहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला. अर्धा तास झाला. पातेलं जसं आलं होतं तसंच कोरडं. भिंतीपलीकडून शेजारचा शिंपी गळ्यात टेप अडकवून हे सगळं बघत होता. त्याचं बालपण शेळ्यांमागं गेलेलं, त्यामुळे शेवटी त्याला राहवेना.

"काका, ही व्यायली कधी?"

"कोण?"

"शेळी हो."

"अजून नाही. लहान आहे ती, दीड वर्षाची."

"मग दूध कुठून येणार?"

काकांनी पातेल्यात पाहिलं. शेळी म्हणजे दूध, हे त्यांनी बिगरीपासून गृहीत धरलेलं होतं. आधी पिल्लू आणि मग दूध, ही अट त्यांना कुणी लेखी कळवली नव्हती. पुस्तिकेत ती होती, पण पान पाचवर, आणि काकांनी पुस्तक दोहनाच्या प्रकरणापासून वाचायला घेतलं होतं. "अहो, मलाही आधी बाळंत व्हावं लागलं, तेव्हा कुठं दूध आलं," असं काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि शिंपी भिंतीखाली दिसेनासा झाला.

पंधरा दिवसांनी बाईसाहेबांनी सकाळी जो गळा काढला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. शेपूट सारखी हलतेय, चाऱ्याला तोंड नाही, दाव्याला हिसके. काकांना वाटलं पोटात दुखतंय. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीण बाईंनी गरम पाण्याची पिशवी दिली. समोरचा कंपाउंडर म्हणाला, दृष्ट लागली असेल, चष्म्याच्या दुकानासमोरून आणली होतीत ना? शिंप्यानं मात्र भिंतीवरून एकच वाक्य टाकलं. "दुखत बिखत काही नाही काका, माजावर आलीय." हे तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला आणि काकांचे कान लाल झाले.

"दूधवाल्याकडं बोकड आहे," शिंपी पुढं म्हणाला. "आत्ता घेऊन जा, तासाभरात काम होईल."

"त्याच्या वंशाची नोंद आहे का?"

"कुणाच्या, दूधवाल्याच्या?"

"बोकडाच्या."

काकू दारात आल्या. "माझे वडील तुम्हाला बघायला आले, तेव्हा त्यांनीही एवढी चौकशी नव्हती केली."

काका हटले नाहीत. सरकारी पशुदवाखान्यात उत्तम जातीच्या बोकडाचं कृत्रिम रेतन होतं, रीतसर पावती मिळते, मग नोंद नसलेल्या बोकडाच्या दारात कशासाठी जायचं? त्यासाठी आधी शेळीची नोंदणी हवी. ते दुसऱ्याच दिवशी पशुसंवर्धन कार्यालयात गेले. माज तोवर उतरला होता, तो तीन आठवड्यांनी पुन्हा येणार होता.

खिडकीतला नोंदणी कारकून शांत स्वभावाचा, चाळिशीतला, जाड मिशांचा माणूस होता. त्यानं छापील अर्ज पुढं केला आणि म्हणाला, "भरून देऊ का?" काकांच्या आयुष्यात असा अपमान झाला नव्हता. "चौतीस वर्षं अर्ज तपासलेत मी," ते म्हणाले. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि उभ्या उभ्या दोन मिनिटांत अर्ज भरला. अक्षर मोत्यासारखं. वाचण्याची गरजच नव्हती, कारण जगातल्या कुठल्याही अर्जात आधी काय असतं आणि नंतर काय, हे त्यांना पाठ होतं. कारकुनानं अर्ज घेतला, काकांकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि काही न बोलता शिक्का मारला. दोन दिवसांनी एक माणूस येऊन बाईसाहेबांच्या कानात पिवळा बिल्ला ठोकून गेला.

मधल्या तीन आठवड्यांत एक गोष्ट झाली, जी पुस्तिकेत कुठल्याच पानावर नव्हती. काकांचा त्या शेळीवर जीव जडला. ते सकाळी अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि बाईसाहेब त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून ऐकत. शेळ्या कागद खातात असं सगळे म्हणतात. हिनं कधी वर्तमानपत्राला तोंड लावलं नाही, आणि त्यामुळे काकांना ती मोठी सुसंस्कृत वाटे. घरात त्यांचं वाचन शेवटपर्यंत ऐकून घेणारं हे पहिलंच माणूस होतं, असं ते काकूंना म्हणाले. काकूंनी त्यातला 'माणूस' हा शब्द दुरुस्त केला नाही.

पुढचा माज आला. काकांनी टेम्पो बोलावला, शेळीसोबत मागच्या हौद्यात स्वतः बसले आणि भर बाजारातून तिचा आक्रोश ऐकत दवाखान्यात पोचले. डॉक्टर तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी बिल्ल्याचा नंबर यंत्रात टाकला आणि भुवया उंचावल्या.

"हा बोकड आहे."

"नाही हो. बघा की."

डॉक्टरांनी वाकून बघितलं. "शेळी आहे, मला दिसतंय. पण यंत्रात नर आहे. नोंद मादीची असल्याशिवाय रेताची कांडी निघतच नाही. आधी नोंद दुरुस्त करून आणा."

"म्हणजे कार्यालयाची चूक," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एक प्रकारचं समाधान होतं. त्याच टेम्पोनं ते परत आले आणि तीन पानी तक्रार लिहायला बसले. 'हलगर्जीपणा' हा शब्द त्यात सात वेळा आला. बाईसाहेब दोन दिवस ओरडल्या आणि थकून गप्प झाल्या. गल्ली मात्र थकली नव्हती. मास्तरीण बाईंनी कापसाचे बोळे कानात घालून शिकवण्या घेतल्या आणि रविवारी काकूंना भेटून अतिशय सौम्य शब्दांत सांगितलं, की असंच चालणार असेल तर त्या वरिष्ठांकडे जातील. वरिष्ठ म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यात काकूंचा धाकटा भाऊ टपकला. हा मेहुणा जगातल्या प्रत्येक धंद्यात कुणाला तरी ओळखत असे. त्यानं शेळीभोवती एक फेरी मारली. "भाऊजी, दोन माज वाया गेले. तिसराही गेला तर ही भाकड. भाकड जनावर पोसून काय करणार? माझ्या ओळखीचा खाटीक आहे, चांगला माणूस आहे."

काकूंनी विचार केला, वरच्या मजल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून एक माज. तेवढ्यात जमलं तर जमलं. नाहीतर मला या गल्लीत राहायचंय."

तक्रारीचं उत्तर यायच्या आधी टपालानं एक नोटीस आली. पाकिटावर 'श्रीमती बाईसाहेब' असं नाव आणि खाली घरचा पत्ता. काकूंनी ते फोडलं. शिंपी भिंतीपाशी होताच. काकू चष्मा लावून सावकाश वाचू लागल्या.

"श्रीमती बाईसाहेब, वय दीड वर्ष, स्त्री, यांस. आपल्या मालकीचा नर..." इथं काकू थांबल्या. मग त्यांनी काकांचं संपूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. "वय अठ्ठावन्न महिने, यास हलक्या जातीच्या बोकडांच्या खच्चीकरण मोहिमेअंतर्गत येत्या महिनाअखेर दवाखान्यात हजर करावे. येताना दावे मजबूत आणावे."

शिंप्यानं टेप गळ्यातून काढून तोंडावर धरली होती आणि त्याचे खांदे हलत होते. "हलक्या जातीच्या," काकूंनी एकदा पुन्हा वाचलं, अगदी शांतपणे, आणि नोटीस काकांच्या हातात दिली.

आता काय झालं होतं ते उघड होतं. जगातल्या सगळ्या अर्जांत आधी अर्जदाराची माहिती असते. या एका अर्जात आधी जनावराची होती आणि खाली मालकाची. काकांनी शीर्षकं न वाचता वरच्या रकान्यात स्वतःला बसवलं होतं, नाव, वय अठ्ठावन्न, लिंग पुरुष, आणि खालच्या रकान्यात बाईसाहेबांना. यंत्राला जनावराचं वय महिन्यांत लागतं, त्यामुळे पाच वर्षांचा होत आलेला बोकड त्याला मुळीच वावगा वाटला नाही. काकांनी ती नोटीस बाईसाहेबांच्या तोंडापाशी धरून पाहिली. एवढा एक कागद तरी तिनं खावा, अशी त्यांची इच्छा होती. तिनं हुंगला आणि मान फिरवली.

दुरुस्तीला एकच उपाय होता. कार्यालयात एक अर्ज द्यायचा, त्यात लिहायचं की चूक माझी आहे. काकांनी चार मसुदे केले. पहिल्यात चूक अर्जाच्या छपाईची होती. दुसऱ्यात खिडकीतल्या अपुऱ्या उजेडाची. तिसऱ्यात 'चूक संभवते' असं होतं, कुणाची ते नव्हतं. चौथ्यात खच्चीकरण मोहिमेच्या उद्देशावर दीड पान होतं. चारही मसुदे काकूंनी वाचले आणि घडी करून त्यांच्याकडेच परत दिले. शिंप्यानं पुन्हा दूधवाल्याच्या बोकडाचं नाव काढलं, तर कळलं की मोहीम दूधवाल्याकडं मंगळवारीच येऊन गेली. आता तो बोकड कोपऱ्यात बसून असतो, आणि गावात दुसरा राहिलेला नाही.

माजाचा दिवस आला त्या सकाळी काका वर्तमानपत्र घेऊन अंगणात गेले. बाईसाहेब ओरडत होत्या. त्यांच्या पाठीवर, तपकिरी केसांवर, लाल रंगाची एक ठसठशीत रेघ होती. आदल्या दिवशी दुपारी काका झोपले असताना मेहुण्याचा खाटीक येऊन गेला होता. त्यानं पाठ चाचपली होती, खूण केली होती आणि टेम्पो उद्या संध्याकाळी आणतो म्हणाला होता.

काका त्या रेघेकडे बघत राहिले. अशा खुणा त्यांनी किती केल्या असतील याचा हिशेब नव्हता. पण खूण झाल्यानंतर ती घेऊन माणूस कुठं जातो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाईसाहेबांनी ओरडणं थांबवून सवयीनं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. काकांना रडू आलं. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, कारण शिंपी उठायची वेळ झाली होती. मग ते घरात गेले आणि कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. 'वरील चूक कार्यालयाची नसून माझी आहे. मी रकान्यांची शीर्षके वाचली नाहीत.'

काकूंनी पायात चपला सरकवल्या. "चला, मी पण येते. टेम्पो सांगितलाय."

खिडकीत तोच कारकून होता. त्यानं अर्ज वाचला आणि परत सरकवला. "हा घेता येणार नाही. अर्ज मालकाचा लागतो. नोंदीत मालक बाईसाहेब आहेत. आणि तुम्ही नोंदीत..." त्यानं यंत्राकडे पाहिलं आणि सभ्यपणानं वाक्य अर्धं सोडलं.

"अहो, मी समोर उभा आहे ना."

"समोर कोण उभं आहे ते मी बघत नाही काका. कागदावर काय आहे ते बघतो."

हे वाक्य काकांना कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. मग आठवलं की ते त्यांचंच आहे. बाहेर टेम्पोत बाईसाहेब गळा काढून ओरडत होत्या, आणि माजाचे तास भराभर चालले होते.

"मग करायचं काय?" काकूंनी विचारलं.

"मालक अज्ञान आहेत, दीड वर्षाच्या. त्यांच्या वतीनं पालकाची सही चालेल. सज्ञान हवा, आणि घरातला हवा."

काकूंनी काकांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि पालक या शब्दापुढं सही ठोकली. अशा रीतीनं काकू बाईसाहेबांच्या पालक झाल्या, बाईसाहेब काकांच्या मालकीण होत्याच, आणि ही व्यवस्था अंदाजे चार मिनिटं कायदेशीर होती. मग कारकुनानं रकाने बदलले, कागद शिवला, शिक्का मारला आणि स्वतः उठून दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवून आला. डॉक्टरांनी नंबर टाकला. कांडी निघाली. काम आटपायला, काकांच्या घड्याळाप्रमाणे, तीन मिनिटं लागली.

संध्याकाळी खाटकाचा टेम्पो आला तेव्हा काका स्वतः दारात गेले आणि म्हणाले, "जनावर गाभण आहे." हे सांगायला दहा तास फार थोडे होतात, पण खाटीक खरोखरच चांगला माणूस होता. त्यानं पाठीवरची खूण रॉकेलच्या बोळ्यानं पुसून दिली.

पाच महिन्यांनी बाईसाहेब व्यायल्या. दोन करडं झाली, दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या कपाळावर पांढरा ठिपका. शिंप्यानं भिंतीवरून उडी मारून सगळं निस्तरलं. काका त्या वेळात पुस्तिकेतलं बाळंतपणाचं पान, सत्तावीस, शोधत होते. पहिलं दूध करडांना गेलं, नंतरचं वरच्या मजल्यावर, आणि त्यानंतर मास्तरीण बाईंनी वरिष्ठांचं नाव काढलं नाही. काकूंनी स्वतःच्या कपात थोडं ओतून चहा केला आणि म्हणाल्या, "चांगलं आहे." मग थोड्या वेळानं, "कुंड्याही बघा आता."

करडांची नोंदणी करायला काका एकटेच गेले. प्रत्येक रकान्याचं शीर्षक त्यांनी बोट ठेवून पुटपुटत वाचलं. मागं रांग खोळंबली तरी त्यांनी घाई केली नाही. दोन अर्ज भरून त्यांनी खिडकीत दिले. कारकुनानं ते शेजारी शेजारी ठेवले, लाल पेन हातात घेतलं आणि म्हणाला, "दोन्ही अर्जांवर जन्मतारीख एकच आहे. आईही एकच."

"जुळी आहेत," काका म्हणाले.

कारकुनानं खुर्ची मागं ढकलली आणि आतल्या औषधांच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "दादा, जरा बाहेर ये."

आतून एक माणूस आला. त्याच मिशा, तेच कपाळ, तीच उभं राहायची ढब. दोघं खिडकीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि काकांकडे बघू लागले. काकांनी चौतीस वर्षांत त्या दोन तोंडांकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं, तरी आता ओळखायला वेळ लागला नाही.

"सहा वेळा परत पाठवलं होतंत," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती. "दाखला हातात पडेपर्यंत माझी भरती संपली. वर्षभर घरी बसलो होतो मी."

रांगेतलं कुणीतरी मागून "काय झालं?" असं विचारत होतं. काकांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "एक कागद द्या. लेखी देतो."

कारकुनानं कोरा कागद पुढं केला. या वेळी मसुदे लागले नाहीत. काकांनी एक वाक्य लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि कागद सरकवला. दोघा भावांनी तो एकत्र वाचला, बराच वेळ. मग कारकुनानं करडांच्या अर्जांवर शिक्के मारले, लाल पेनाचं टोपण काढलं आणि काकांच्या कागदाखाली लिहिलं, 'तपासले. त्रुटी आढळली नाही.'